सोबतीचे पुस्तक : निवड आणि वाचन
(तौलनिक निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी)



आपल्या अभ्यासवर्गात बी. ए. आणि एम. ए.ची मुलेमुली येतात. त्यांच्याकडून दरवर्षी एक प्रश्न हमखास निघतो. "सर, तौलनिक निबंध लिहायचा आहे. एक पुस्तक ठरले आहे. सोबत दुसरे कोणते घेऊ?" प्रश्न साधा वाटतो, पण निबंधाचे अर्धे यशापयश त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. दुसरे पुस्तक चुकले, तर विद्यार्थी कितीही राबला तरी हाती एक यादीच लागते. ते बरोबर निवडले गेले, तर पहिल्या पुस्तकातली आजवर न दिसलेली जागा दिसू लागते.

म्हणून या लेखात दोनच गोष्टी सांगणार आहे. सोबतीचे पुस्तक कसे निवडावे आणि निवडल्यावर दोन्ही पुस्तके शेजारीशेजारी ठेवून कशी वाचावीत. नुसते नियम सांगून भागत नाही. त्यासाठी एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. आपले मूळ पुस्तक आहे बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं'.

साम्यांची यादी म्हणजे निबंध नव्हे

मागे एका विद्यार्थिनीने मला तिचा निबंध दाखवला. 'जिणं आमुचं' आणि एका गुलाम स्त्रीचे आत्मकथन यांची तिने तुलना केली होती. कागदाच्या मधोमध रेघ मारून दोन रकाने पाडले होते. इकडे भूक, तिकडे भूक. इकडे मारहाण, तिकडे मारहाण. इकडे शिक्षणाची ओढ, तिकडेही तीच. अशी अकरा साम्ये तिने काढली होती आणि शेवटी निष्कर्ष लिहिला होता की जगात सर्वत्र शोषित स्त्रीचे दुःख सारखेच असते.

मी तिला विचारले, "बाई, हा निष्कर्ष तुला दोन्ही पुस्तके वाचण्याआधी माहीत नव्हता का?" ती म्हणाली, "होता." मग दोन पुस्तके वाचण्याचे कष्ट कशासाठी घेतले?

तिची निवड वाईट नव्हती. किंबहुना ती उत्तम होती, आणि तीच जोडी मी पुढे घेणार आहे. चूक होती ती वाचण्याच्या रीतीत. दोन पुस्तके एकत्र येण्यासाठी काही साम्य लागते, हे खरे. परंतु साम्य हा केवळ उंबरठा आहे. निबंध उंबरठ्याच्या आत, फरकापासून सुरू होतो. सारख्या परिस्थितीत दोन लेखिकांनी दोन वेगळ्या गोष्टी का केल्या, हे विचारले की विचाराला तोंड फुटते.

आधी प्रश्न, मग पुस्तक

निवडीचा पहिला नियम असा की, दुसरे पुस्तक शोधण्यापूर्वी पहिल्या पुस्तकाला विचारायचा प्रश्न ठरवावा. प्रश्न बदलला की सोबती बदलतो.

'जिणं आमुचं' हे लेखन 1982 साली 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि 1986 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. बेबीताईंचा जन्म 1929 चा. आजोळ पुरंदर तालुक्यातले वीरगाव आणि पुढचे आयुष्य फलटणला. 2012 साली त्यांचे निधन झाले. पुस्तकात वीरगावचा महारवाडा आहे, येसकराचे राबणे आहे, आषाढातले देवदेव आणि पोतराज आहेत, कोवळ्या वयात नांदायला गेलेल्या सुनांचे हाल आहेत, बाबासाहेबांचे जेजुरीचे भाषण ऐकून पालटलेली माणसे आहेत. आता या एकाच पुस्तकाला निरनिराळे प्रश्न विचारून पाहू.

तुमचा प्रश्न असा असेल की, दलित पुरुष आपल्या आयुष्याकडे कसा पाहतो आणि दलित स्त्री कशी पाहते, तर सोबतीला दया पवारांचे 'बलुतं' (1978) घ्यावे. तिथे लेखकाने स्वतःचेच दोन भाग केले आहेत. दगडू मारुती पवार सांगतो आणि शिकलेला दया पवार ऐकतो. बेबीताईंकडे असा दुभंगलेला 'मी' नाही. या एका फरकावर चांगला निबंध उभा राहील.

धर्म आणि मुक्ती यांचा संबंध तपासायचा असेल, तर बामा यांचे 'करुक्कु' (1992) हे तमिळ आत्मकथन घ्यावे. लक्ष्मी होल्मस्ट्रॉम यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद उपलब्ध आहे. बामा ख्रिस्ती घरातल्या. त्या जोगीण होऊन मठात गेल्या आणि तिथेही जात भेटल्यावर बाहेर पडल्या. धर्म बदलल्यावर काय बदलते आणि काय उरते, हा प्रश्न त्या जोडीतून नेमका पुढे येतो.

आपल्या सभासदांपैकी कुणाला थेरीगाथा आठवेल. पुण्णिका ही अनाथपिंडिकाच्या घरची पाणी भरणारी दासी. थंडीत नदीत बुडी मारून पाप धुणाऱ्या ब्राह्मणाला ती निरुत्तर करते. पाण्याने शुद्धी होत असेल तर बेडूक आणि कासवे आधी स्वर्गात जातील, असा तिचा बिनतोड युक्तिवाद आहे. 'राबणाऱ्या बाईला वाद घालण्याचा अधिकार कोणी दिला?' असा प्रश्न असेल तर ही सोबत सुंदर आहे. परंतु गाथा ही काही ओळींची रचना असते आणि आत्मकथन हे शेदीडशे पानांचे. दोन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आणि रचनेचा वेगळा प्रकार यांचा हिशेब आधी द्यावा लागेल. पहिल्याच निबंधाला हे ओझे मी सुचवणार नाही.

आता माझा प्रश्न सांगतो. स्वतःचे दुःख लिहिणारी स्त्री काय उघडे करते, काय झाकून ठेवते, आणि हे ती कोणासाठी लिहिताना ठरवते? या प्रश्नासाठी मी हॅरिएट जेकब्ज यांचे पुस्तक घेतो.

सोबतीची ओळख

हॅरिएट जेकब्ज यांचा जन्म 1813 साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या ईडेंटन गावी गुलामगिरीत झाला. पहिल्या मालकिणीने त्यांना लिहावाचायला शिकवले. ती वारल्यावर वारसपत्रानुसार हॅरिएट एका लहान मुलीच्या मालकीची झाली आणि त्या मुलीच्या डॉक्टर बापाच्या घरी गेली. हा डॉक्टर तिच्या कोवळ्या वयापासून तिच्या मागे लागला. त्याच्यापासून सुटण्यासाठी तिने गावातल्या दुसऱ्या एका गोऱ्या वकिलाशी संबंध ठेवला. त्यातून तिला दोन मुले झाली. 1835 साली ती पळाली, पण दूर गेली नाही. तिची आजी स्वतंत्र झालेली होती. तिच्या घराला लागून असलेल्या खोपटाच्या छपराखाली नऊ फूट लांब आणि सात फूट रुंद अशी एक जागा होती. तिची उंची सर्वात जास्त तिथे तीन फूट. या पोटमाळ्यात ती जवळजवळ सात वर्षे दडून राहिली. गिरमिटाने भिंतीला भोके पाडून ती अंगणात खेळणारी आपली मुले पाहत असे. 1842 मध्ये ती उत्तरेकडे निसटली. पुढे न्यूयॉर्क राज्यात एका लेखकाच्या घरी मुले सांभाळण्याचे काम करताना तिने रात्री चोरून आपली कथा लिहिली. मालकाचा गुलामगिरीला असलेला कल तिला माहीत होता, म्हणून लिहिणे त्याच्यापासून लपवले. 1861 साली बोस्टनमध्ये पुस्तक छापले गेले. त्याच्या नावाचा अर्थ 'एका गुलाम मुलीच्या आयुष्यातील प्रसंग, तिने स्वतः लिहिलेले' असा होतो. लेखिकेचे खरे नाव त्यावर नव्हते. पुस्तकात ती लिंडा ब्रेंट या नावाने बोलते.

पुस्तक एकेचाळीस लहान प्रकरणांचे आहे. हक्काची मुदत संपलेली असल्याने संगणकावर ते विनामूल्य वाचता येते. इंग्रजीची धास्ती असलेल्यांनी आधी पाचवे, दहावे, एकविसावे आणि शेवटचे प्रकरण शब्दकोश घेऊन वाचावे, मग सबंध पुस्तकाला हात घालावा.

ही जोडी लावण्याचा अधिकार

परीक्षक विचारतील की, पश्चिम महाराष्ट्रातील महारवाडा आणि अमेरिकेतील गुलामगिरी यांचा संबंध काय? या प्रश्नाचे उत्तर निबंधाच्या पहिल्या दोन परिच्छेदांत यावे. ते आपल्याकडे आहे.

महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहिली आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना ती अर्पण केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 ते 1916 या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. 1946 मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते आणि विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे करायच्या अर्जाची माहिती मागवली आणि द्यू बॉइस यांनी त्याला उत्तरही दिले. 1972 साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. तेव्हा ही तुलना आपण आज ओढूनताणून आणलेली नाही. तिला दीडशे वर्षांची वाट आहे.

परंतु त्याच वाटेवर बाबासाहेबांनी एक इशारा दिलेला आहे. गुलाम आणि अस्पृश्य यांची तुलना करणारे त्यांचे लेखन महापरिनिर्वाणानंतर, महाराष्ट्र शासनाने काढलेल्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. त्यात ते दोन्ही अवस्थांना एक मानत नाहीत. गुलाम ही मालकाची मालमत्ता, म्हणून निदान स्वार्थापोटी का होईना मालक त्याला खाऊ घालतो, आजारात सांभाळतो. अस्पृश्याची जबाबदारी कोणावरच नाही. शिवाय गुलामी उघड असते. अस्पृश्यता आडून चालते, त्यामुळे ज्याच्यावर ती लादली जाते त्याला तिची जाणीवही उशिरा होते. हा मुद्दा मनाशी धरला की 'दोघींचे दुःख सारखेच' असे वाक्य लेखणीतून उतरणार नाही. एका व्यवस्थेत बाईचे शरीर कायद्यानेच दुसऱ्याच्या मालकीचे आहे. दुसऱ्या व्यवस्थेत त्याच शरीराचा स्पर्श विटाळ मानला जातो. या दोन गोष्टी शेजारी ठेवायच्या आहेत, एकमेकींत मिसळायच्या नाहीत.

शेजारीशेजारी वाचन : चार जागा

आता प्रत्यक्ष वाचनाकडे वळू. दोन जाड पुस्तके एकदम तोलता येत नाहीत. म्हणून दोन्हींत सापडणाऱ्या ठरावीक जागा निवडाव्यात आणि त्याच जागी दोन्हीकडे काय घडते ते पाहावे. मी चार जागा सुचवतो.

पहिली जागा : शीर्षक आणि सर्वनाम. बेबीताईंच्या शीर्षकातच 'आमुचं' आहे. 'माझं' नाही. आत शिरल्यावरही 'आम्ही' आणि 'आमची माणसं' यांचेच राज्य आहे. वाचताना कधीकधी लेखिका कुठे उभी आहे हे शोधावे लागते, इतकी ती महारवाड्याच्या गर्दीत मिसळून गेली आहे. जेकब्ज यांच्या शीर्षकात 'तिने स्वतः लिहिलेले' असे शब्द आहेत. तिथे 'मी' ठामपणे उभी आहे. का? गुलाम माणूस लिहू शकतो यावरच त्या काळच्या वाचकांचा विश्वास नव्हता. 'हे मीच लिहिले' एवढे म्हणणे हीच तिथे लढाई होती. बेबीताईंची लढाई वेगळी. एका बाईचे नशीब म्हणून वाचकाने हे सोडून देऊ नये, हे साऱ्या समाजावर लादलेले जिणे आहे असे त्याला कळावे, यासाठी त्यांना 'आम्ही' हवे होते.

दुसरी जागा : समोर बसलेला वाचक. जेकब्ज आपल्या प्रस्तावनेतच सांगतात की, दक्षिणेत गुलामीत पिचणाऱ्या वीस लाख स्त्रियांकडे उत्तरेकडील स्त्रियांचे लक्ष जावे म्हणून हे लिहिले. म्हणजे त्यांचा वाचक परका आहे. तो गोरा, सुखवस्तू आणि शीलाच्या कल्पना घट्ट धरून बसलेला आहे. म्हणून भाषाही त्या वाचकाच्या बैठकीत चालेल अशी, त्या काळच्या भावुक कादंबऱ्यांच्या वळणाची आहे. बेबीताईंचा वाचक घरचा आहे. शिकून पुढे गेलेली, नोकरीला लागलेली आपलीच मुले त्यांच्या डोळ्यांसमोर आहेत. ज्या वाड्यातून तुम्ही आलात तो विसरू नका, बाबासाहेबांमुळे तुम्ही माणसांत आलात हे विसरू नका, असे त्या बजावतात. परक्याला पाझर फोडायचा असतो, तर घरच्याला जागे करायचे असते. म्हणून एका पुस्तकात विनवणीचा सूर आहे आणि दुसऱ्यात रागवण्याचा.

तिसरी जागा : काय उघडे, काय झाकलेले. माझ्या मते ही या जोडीतली सर्वांत महत्त्वाची जागा आहे. जेकब्ज यांनी नाव लपवले, गावातल्या माणसांची नावेही बदलली. पण त्या आडोशाच्या बळावर त्यांनी जे सांगितले ते त्या काळी कोणत्याही बाईने छापील पानावर सांगितले नसते. डॉक्टरचा छळ सांगितला, आणि वकिलाशी संबंध आपण विचार करून ठेवला हेही सांगितले. दहाव्या प्रकरणात त्या हे सांगतात तेव्हा त्यांना लाज वाटते, आणि तरीही गुलाम स्त्रीला इतर स्त्रियांच्या मापाने मोजू नये असे त्या स्पष्ट म्हणतात. बेबीताईंनी मात्र स्वतःचे नाव दिले, गावाचे नाव दिले, पण आपल्या संसारावर पडदा टाकला. नवरा, त्याचा संशय, त्याचा मार हे पुस्तकात जवळजवळ नाहीच. ते आपल्याला वेगळ्या ठिकाणी कळते. माया पंडित यांनी केलेला पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद 2008 साली आला. त्याला जोडलेल्या मुलाखतीत बेबीताई हे सांगतात. किराणा दुकान सांभाळताना पुड्या बांधायच्या रद्दीतले त्या वाचत आणि लिहिलेले कागद घरच्यांच्या नजरेपासून दडवून ठेवत, असे वीस वर्षे चालले.

थोडक्यात, एकीने नाव झाकून घर उघडले आणि दुसरीने नाव उघडून घर झाकले. दोघींनीही लिहिणे मात्र लपवले.

इथे घाई करू नका. काही विद्यार्थी लगेच लिहितात की, बेबीताई स्त्रीच्या दुःखाबद्दल गप्प राहिल्या. हे साफ चूक आहे. सासुरवासाने पिचलेल्या सुना, पळून गेलेल्या सुनेच्या पायात घातलेला लाकडी खोडा, बायकांवर हात टाकणारे पुरुष, सुनेला छळणाऱ्या सासवा यांवर त्यांनी जे लिहिले आहे, तितके परखड आपल्या माणसांबद्दल फार थोड्यांनी लिहिले असेल. गप्प राहिली ती 'मी'. 'आम्ही बायका' गप्प राहिल्या नाहीत. एकटीने सांगितले असते तर घरात मार बसला असता, आणि बाहेरच्यांनी 'बघा यांच्यात असेच असते' म्हणून बोट दाखवले असते. 'आम्ही' हा शब्द त्यांना आडोसाही झाला आणि हत्यारही झाला. जेकब्ज यांना जे काम खोट्या नावाने दिले, तेच काम बेबीताईंना अनेकवचनाने दिले. हा विचार 'जिणं आमुचं' एकटे वाचून सहसा सुचत नाही. शेजारी लिंडा ब्रेंट येऊन बसली की तो सुचतो. सोबतीच्या पुस्तकाचे काम हेच.

चौथी जागा : मध्ये उभी असलेली माणसे. दडवलेले लिखाण छापखान्यापर्यंत कोणीतरी न्यावे लागते. जेकब्ज यांची हकिकत प्रथम हॅरिएट बीचर स्टो या प्रसिद्ध लेखिकेकडे गेली. स्टो यांनी ती आपल्या पुस्तकात पुरावा म्हणून वापरण्याची तयारी दाखवली. जेकब्ज यांना ते मानवले नाही आणि त्यांनी स्वतःच लिहायचे ठरवले. पुढे लिडिया मरिया चाइल्ड यांनी संपादन केले. गुलामगिरीविरुद्ध सशस्त्र उठाव करणाऱ्या जॉन ब्राउनवरचे शेवटचे प्रकरण काढावे, असे त्यांनी सुचवले आणि ते निघाले. म्हणजे मदत करणाऱ्या हातानेही थोडे कापले. याची दुसरी किंमत अशी की, पुढे अनेक वर्षे अभ्यासक हे पुस्तक चाइल्ड यांनी रचलेली कादंबरी समजत राहिले. 1980 च्या दशकात जीन फॅगन येलिन यांनी जेकब्ज यांची पत्रे आणि इतर कागद तपासून लेखिका खरोखर कोण हे सिद्ध केले. त्यांची संपादित आवृत्ती 1987 साली आली.

बेबीताईंच्या बाबतीत फलटणला स्थायिक झालेल्या अमेरिकन विदुषी मॅक्सीन बर्नसन यांनी त्यांचे लिखाण पाहिले आणि प्रसिद्ध करण्यास उत्तेजन दिले. लेखिका हयात होती, वाचक तिच्याच भाषेतले होते, नाव पहिल्या दिवसापासून तिचे होते. त्यामुळे तिच्या लेखकपणावर शंका घेण्याची पाळी आली नाही. खोट्या नावाने जेकब्ज यांना बोलण्याची मोकळीक दिली, पण शंभरहून अधिक वर्षे त्यांचे लेखकपण हिरावले. अनेकवचनाने बेबीताईंचा संसार झाकला, पण नाव शाबूत राखले. प्रत्येक आडोशाची किंमत असते आणि ती वेगवेगळ्या ठिकाणी चुकवावी लागते.

निबंधाची मांडणी

एवढी सामग्री हाती आल्यावर मांडणीचा प्रश्न सोपा होतो. अर्धा निबंध एका पुस्तकावर आणि अर्धा दुसऱ्यावर, अशी वाटणी करू नये. ती दोन पुस्तक-परीक्षणे होतात. वरच्या चार जागा म्हणजे निबंधाचे चार भाग समजा आणि प्रत्येक भागात दोन्ही पुस्तके येऊ द्या. आरंभी आपला प्रश्न एका वाक्यात लिहा. त्यानंतर ही जोडी का लावली ते सांगा. शेवटी उत्तर लिहा. उत्तर असे असावे की ते केवळ याच दोन पुस्तकांना लागू पडेल. तुमचे शेवटचे वाक्य कोणत्याही दोन दलित आत्मकथनांच्या निबंधाला चिकटवता येत असेल, तर ते खोडून पुन्हा लिहा.

आणखी काही सूचना थोडक्यात देतो :

1. पुस्तकातले आणि पुस्तकाबाहेरचे वेगळे ठेवा. मुलाखतीतली गोष्ट मुलाखतीतली म्हणूनच सांगा. 'जिणं आमुचं'मध्ये नवऱ्याच्या मारहाणीचे वर्णन आहे असे कुणी लिहिले, तर परीक्षक पहिल्याच पानावर विश्वास गमावील.

2. सोबतीचे पुस्तक स्वतः, अखेरपर्यंत वाचा. मार्गदर्शिकेतला सारांश वाचून केलेली तुलना दोन ओळींत उघडी पडते.

3. परदेशी पुस्तकाला मोठेपणा देऊन आपल्या पुस्तकाला त्याच्या पट्टीने मोजू नका, आणि उलटही करू नका. तौलनिक अभ्यास ही शर्यत नव्हे. कोण अधिक सोसले याचा निवाडा आपण द्यायचा नाही.

4. दोन पुस्तकांच्या काळातले अंतर सांगा. जेकब्ज यांचे पुस्तक आले तेव्हा अमेरिकेत गुलामगिरी चालू होती, ती संपवण्यासाठीच ते लिहिले गेले. बेबीताई लिहीत होत्या तेव्हा राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केल्याला काळ लोटला होता. एक पुस्तक चालू आगीतून लिहिलेले आहे. दुसरे आग पाहिलेल्या बाईने, ती न पाहिलेल्या मुलांसाठी लिहिलेले आहे.

शेवटी

त्या विद्यार्थिनीची गोष्ट अर्धी राहिली. ती निबंध घेऊन परत गेली. तिच्या घरी म्हातारी आजी होती. दोन्ही पुस्तकांचा विषय डोक्यात घोळत असल्याने तिने आजीला विचारले, "आजी, तुला आजोबा मारायचे का गं?" आजी थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आमच्या टायमाला समद्या बायांचं तसंच व्हतं, बाय." मुलीने पुन्हा विचारले. आजीने पुन्हा 'समद्या बायांचं' सांगितले. 'माझं' हा शब्द काही तिच्या तोंडून निघाला नाही.

पुढच्या आठवड्यात मुलगी आली तेव्हा दोन रकान्यांचा तो कागद तिने फाडून टाकला होता. म्हणाली, "सर, मला वाटायचं आजी टाळते. ती टाळत नव्हती. तिने सांगितलं होतं. मला ऐकता आलं नाही."

तिचा नवा निबंध 'आम्ही' या एका शब्दावर होता. त्यात साम्ये तीनच होती आणि फरक पुष्कळ होते. त्याला किती गुण पडले ते मी सांगणार नाही, कारण लेखाचा हेतू तो नाही. आपल्या घरांत अजून अशा कितीतरी आज्या आणि आया आहेत, ज्यांनी लिहिलेले नाही, आणि ज्या बोलतात तेव्हा 'आम्ही'च्या आडून बोलतात. त्यांचे बोलणे कळण्यासाठी कान तयार व्हावा लागतो. दोन पुस्तके शेजारी ठेवून नीट वाचण्याची सवय तो कान तयार करते. म्हणून सोबतीचे पुस्तक निवडताना गुणपत्रिकेबरोबर या कामाचीही आठवण असू द्या.

पुस्तके आपल्या वाचनालयात नसतील तर संस्थेच्या कार्यकर्त्यांना सांगा. निबंध लिहून झाला की अभ्यासवर्गात वाचून दाखवा, आणि ऐकायला आपापल्या आजीलाही घेऊन या.

जयभीम!